धाब्यावरचा रूळ

आमच्या गावात घराला दोन गोष्टी लागतात: भांडायला एक माणूस आणि धाब्यावर एक रूळ. माणूस नसला तर शेजारचा उसना मिळतो. रुळावाचून मात्र घर उभं राहत नाही. घरं सगळी धाब्याची. तुळया, त्यावर काटक्या, त्यावर हातभर माती. पाऊस पडला की माती फुगते, बर्फ वितळला की तिला भेगा जातात, आणि वेळीच वर चढून जड रूळ फिरवून ती दाबली नाही, तर खाली जेवायला बसलेल्याच्या ताटात वरून वाढप सुरू होतं.

बाकी सगळ्यांचे रूळ दगडी. माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्काचा, लोखंडी. गुळगुळीत, दणकट, एका टोकाला चपटा आणि दुसऱ्या टोकाला निमुळता. निमुळत्या टोकाला पितळेची टोपी होती, ती अक्का राख लावून अशी घासायची की साळुंक्या तिच्यात तोंड बघायला यायच्या. दोन्ही टोकांना दोर बांधून ओढला की रूळ घरंगळत जायचा आणि माती अशी बसवायचा की वरून खेचर नाचलं तरी खाली ढेकूळ पडू नये. खोड एकच. निमुळता असल्यामुळे तो सरळ जात नसे, डावीकडे वळे. अक्का तो गावभर उसना द्यायची, त्यामुळे आमच्या गावातली सगळी धाबी डावीकडे कलती आहेत. प्रत्येकाच्या धाब्यावरचं पाणी डावीकडच्या शेजाऱ्याकडे जातं. अगदी डावीकडच्या टोकाला जो राहायचा, त्यानं पुढे होडी घेतली.

हा रूळ पलटणीचा. मला नुकत्या मिशा फुटत होत्या तेव्हा वरच्या माळावर पलटण येऊन राहिली. आम्हाला कोणी विचारलं नाही, कारण विचारायला तिथे कोणी आहे हेच त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या नकाशात आमच्या गावाच्या जागी ‘निर्मनुष्य’ असं छापलेलं होतं. आमच्या ओट्यावर बसून, आमचा चहा पिता पिता, त्यांचे एक साहेब नकाशा उलगडून म्हणाले होते, “इथे मनुष्यवस्ती नाही.” अक्का म्हणाली, “मग चहा कोणी केला, मांजरीनं?”

आमचे आजे-पणजे या डोंगराचे. डोंगर आधी की आम्ही आधी, यावर म्हाताऱ्यांमध्ये मारामाऱ्या झालेल्या आहेत. पलटणीनं काही वर्षं समोरच्या उतारावर तोफा डागल्या आणि एके दिवशी खाली खोऱ्यात, सडकेच्या कडेला, पक्क्या इमारतींत निघून गेली. जाताना सामान नीट आवरलं नाही. बूट, शिरस्त्राणं, तारा, बॅटऱ्या आणि झऱ्याच्या वरच्या खड्ड्यात पिंपं. तेलाची, रंगाची, कसकसल्या रसायनांची पिंपं, एकावर एक. शिरस्त्राणांत आमच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या, तारांवर कपडे वाळू लागले. अक्काला उतारावर रूळ सापडला. पिंपांना मात्र कोणी हात लावला नाही. ती गंजत बसली आणि पाझरत बसली.

माझा धंदा खेचर हाकण्याचा. माझ्या खेचराचं नाव मामंजी, कारण लग्नातल्या वरबापासारखं ते कुठेही रुसून बसतं. पहिल्यांदा झऱ्याला नाक मुरडलं ते मामंजीनं. मग पाण्यावर रंगीत साय दिसू लागली. मासे गेले. कपडे धुणाऱ्यांच्या मनगटांना चट्टे उठले, मग लेकरांच्या अंगावर. आम्ही दूरच्या ओढ्यावरून पाणी आणू लागलो. माझ्या मामंजीचं सगळं आयुष्य पाणी वाहण्यात चाललं आणि त्याबद्दल तो मला रोज एक लाथ मारी.

शेवटी खालून पाण्याचे साहेब आले. बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेले आणि काही दिवसांनी परत येऊन अक्काच्या ओट्यावर टेकले. माणूस भला होता. चढ चढून त्याचा रंग बीटासारखा झाला होता.

“अक्का, पाणी वाईट आहे,” ते म्हणाले.

“ते आम्हाला मामंजींनी केव्हाच सांगितलंय.”

घरात कोणी वडीलधारे आहेत असं वाटून साहेबांनी टोपी काढली. मामंजींनी गोठ्यातून नाक फुरफुरवलं.

“मग पिंपं कधी नेताय?” अक्कानं विचारलं.

“तीच तर पंचाईत आहे. पिंपं पलटणीची. पलटण म्हणते, ती जागा आम्ही कधीच सोडली. जागेचं खातं म्हणतं, पिंपं आमची नाहीत. माझं खातं फक्त पाणी तपासतं.” साहेबांनी हातातली टोपी फिरवली. “पिंपं हलवायला कुठलं खातंच नाही, अक्का. माणसं हलवायला आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही सगळ्यांनी खाली यायचं. बर्फ पडायच्या आत. वसाहत बांधून तयार आहे. नळ आहे, सिमेंटचं छप्पर आहे.”

“त्यावर रूळ फिरवावा लागतो?”

“अजिबात नाही!”

“मग पाऊस उघडल्यावर माणसं करतात काय?”

साहेबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. इथे तर संन्याशाला फासाची दोरीही सिमेंटची मिळणार होती.

साहेब गेल्यावर अक्का धाब्यावर जाऊन रुळाशेजारी बसली. मी मागोमाग चढलो. ती पदरानं पितळेची टोपी पुसत होती.

“धाकट्या,” ती म्हणाली, “तुझे दाजी पोट दुखतंय, पोट दुखतंय म्हणत याच झऱ्याचं पाणी पीत गेले. त्यांना त्या चढावर मातीत ठेवलंय. मी खाली नळाचं पाणी पीत बसू होय?”

“मग काय करायचं?”

“पाहुणे विसरलेत रे. आपण आठवण केली नाही, ही आपली चूक.”

इथे तुम्हाला आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. पाहुणा घरी काही विसरून गेला, तर ती वस्तू आम्ही ठेवत नाही. सुई असो की सोनं, त्याच्या दाराशी नेऊन द्यायची. आणि ज्याची वस्तू, त्यानं आणणाऱ्याला आत बसवायचं, चहा पाजायचा. चहा न पाजता परत पाठवलं, तर तो माणूस सात पिढ्या कंजूष. इतक्या वर्षांत पलटणीचं काही परत केलं नव्हतं, कारण कोंबड्यांना शिरस्त्राणं फार मानवली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अक्का एक बूट घेऊन निघाली. मी आणि मामंजी सोबत. उन्हं चढेपर्यंत आम्ही खोऱ्यातल्या पलटणीच्या फाटकाशी पोचलो. तिथे एक कोवळा जवान पहाऱ्यावर होता. मिशी अजून कागदावरच होती म्हणा ना.

“काय काम आहे?” त्यानं बंदूक सावरली.

“काम काही नाही रे बाळा. तुमचा बूट राहिला होता आमच्याकडे.”

“कोणाचा बूट?”

“ते तू आत विचार. डाव्या पायाचा आहे. बिचारा कोणीतरी इतकी वर्षं लंगडत असेल.”

जवानानं बूट उलटा केला. आतून पालीचं एक कुटुंब बाहेर पडलं. बुटावर पलटणीची मोहोर होती, तेव्हा नाही म्हणता येईना. त्यानं तो घेतला. अक्का तिथल्या बाकावर बसली.

“आता काय आजी?”

“आता चहा.”

“इथे चहा मिळत नाही.”

“मिळत नसतो, द्यायचा असतो. तुझ्या आईनं कोणाची विसरलेली वस्तू परत आणणाऱ्याला दारातून हाकललं असतं का?”

जवानाचा चेहरा असा झाला की जणू त्याची आईच मागे येऊन उभी राहिली आहे. तो आत गेला आणि दोन पेले चहा घेऊन आला. मामंजीला बिस्किटही दिलं. मामंजीनं ते खाऊन त्याच्या बाहीला नाक पुसलं. ही मामंजीची पसंती.

झालं. त्या दिवसापासून गावातून खाली जाणारा एकही माणूस रिकाम्या हातानं गेला नाही. कोणी मीठ आणायला निघाला की खांद्यावर तारेचं वेटोळं. कोणाची सून माहेरी निघाली की डोक्यावर शिरस्त्राण, आत कोंबडीसकट, कारण कोंबडी उठायलाच तयार नव्हती. दाईनं टेलिफोनचा नुसता कानाला लावायचा भाग नेला आणि जवानाला म्हणाली, “आम्ही रोज बोलून बघायचो, पलीकडून कोणी बोललं नाही. तुम्हीच बघा.” आमचे एक चुलते शौचकुपाचं भांडं पाठीवर बांधून गेले. वाटेत दमले की त्यावर बसून विडी ओढायचे. आणि प्रत्येक जण वस्तू देऊन बाकावर बसायचा आणि हसतमुखानं चहाची वाट बघायचा.

पलटणीचा आचारी हैराण झाला. कवायतीला जाणाऱ्या जवानांना पाणचट चहा मिळू लागला. फाटकाशी भंगाराचा असा ढीग झाला की ट्रक आत घ्यायला दोनदा वळसा घालावा लागे. आमची माणसं मात्र खूश. कधी नव्हे ते गावातले सगळे इतका चहा प्यायले. भांडणारे शेजारी एका बाकावर बसले. दोन सोयरिकी त्या बाकावर जमल्या.

शेवटी मोठे साहेब स्वतः बाहेर आले. पोट सुटलेलं, पण माणूस हसरा.

“अक्का,” ते हात जोडून म्हणाले, “पुरे आता. या सगळ्या वस्तू तुम्ही ठेवा. आमच्याकडून भेट.”

“भेट देताना माणूस समोर असतो, साहेब. पाठ करून टाकून गेलेल्याला भेट म्हणत नाहीत.”

“बरं बाई, चुकलं आमचं.”

“आणि पिंपं?”

साहेबांचं हसू जरा आखडलं. “पिंपांचं बघू.”

‘बघू’ म्हणणाऱ्या माणसाला पुढचं काही दिसत नसतं, हा माझा आजवरचा अनुभव. मोठ्या साहेबांना तर स्वतःच्या पोटापलीकडचे बूटही दिसत नव्हते. पण त्यांचेही हात बांधलेलेच होते. पिंपं हलवायचं खातं नाही, हे पालुपद त्यांनीही म्हणून दाखवलं.

हळूहळू डोंगरावरचं सामान संपलं. उरली फक्त पिंपं. ती आम्ही उचलू शकत नव्हतो. जड होती हे एक, आणि हात लावला की कातडी सोलून निघायची हे दुसरं. पाण्याच्या साहेबांनी निरोप पाठवला की येत्या आठवड्यात सामान न्यायला ट्रक येतील, बांधाबांध करा. वाऱ्याला बर्फाचा वास येऊ लागला होता. आमच्या हिनं भांडी पोत्यात भरायला घेतली, आणि भरता भरता एक तवा तिसऱ्यांदा बाहेर काढून पुन्हा चुलीवर ठेवला.

तेव्हा अक्कानं मान वर करून धाब्याकडे पाहिलं.

“एक राहिलंय,” ती म्हणाली.

माझ्या पोटात गोळा आला. तेव्हा मला माहीत नव्हतं की डोक्यावरही तोच आहे.

“अक्का, रूळ नाही हं! रूळ सोडून काहीही.”

सगळा गाव गोळा झाला. कोणी म्हणालं, रूळ गेला तर धाबी कोण दाबणार? कोणी म्हणालं, इतकी वर्षं वापरला, आता तो आपलाच. अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आवडतं ते ठेवायचं आणि नावडतं तेवढं परत करायचं, याला परत करणं म्हणत नाहीत रे. याला पसारा टाकणं म्हणतात. ते त्यांनी केलंय. आपणही तेच करायचं का?”

रुळावरून शेवटचा हात फिरवायला बाया एकेक करून वर आल्या. अक्कानं टोपी घासून लख्ख केली, अंगाला तेल चोळलं, गोधडीत गुंडाळला आणि आम्ही चौघांनी उचलून मामंजीच्या एका बाजूला बांधला. दुसऱ्या बाजूला तोलासाठी दगडांचं पोतं. वाट अवघड. दोन ठिकाणी मामंजी घसरला. एका ठिकाणी रुसून खाली बसला तेव्हा रूळ धाडकन खडकावर आपटला. अक्का म्हणाली, “हळू रे, पोचा पडेल.”

शेवटची वस्तू येतेय असा निरोप आम्ही आदल्या दिवशीच धाडला होता. मोठे साहेब इतके आनंदले की त्यांनी फाटकाबाहेर झाडाखाली टेबल मांडलं, त्यावर पांढरी चादर, कपबशा, खुद्द आचारी किटली घेऊन उभा. जवान कडेनं रांगेत. जणू आमचं लग्न लागणार होतं.

“या अक्का, या! काय आणलंत?”

“साहेब, हे द्यायला जीव होत नव्हता,” अक्का म्हणाली. “इतकी वर्षं याच्या जिवावर आमची छपरं टिकली. जपून ठेवा.”

मी आणि कोवळ्या जवानानं गोधडीचं बोचकं उचलून टेबलावर ठेवलं. टेबल कण्हलं. अक्कानं गाठ सोडली, गोधडी बाजूला केली. उन्हात पितळी टोपी अशी चमकली की सगळ्यांचे डोळे दिपले.

मोठ्या साहेबांचा हात कपाकडे जात होता. तो वाटेत थांबला.

“अक्का,” ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, “हे... कुठे होतं?”

“धाब्यावर.” लोक नियम धाब्यावर बसवतात, आमच्या अक्कानं तोफगोळा बसवला होता. “रोज फिरवायचो. बघा ना, कसा ठणठणीत आहे!” आणि तिनं पितळेचा पेला उचलून त्या टोपीवर ठण्‌ ठण्‌ वाजवला.

पुढे जे झालं ते सांगायला मला नेहमी आवडतं. मोठे साहेब, ज्यांना स्वतःचे बूट दिसत नसत, ते फाटकावरून उडी मारून गेले. उघड्या फाटकावरून. आचारी किटली घेऊन पळाला, मग किटली टाकून पळाला, मग किटली सरकारी आहे हे आठवून परत आला आणि ती उचलून पुन्हा पळाला. जवानांना पळता भुई थोडी झाली. भोंगा वाजला. इमारतींच्या खिडक्यांतून माणसं दाणे सांडावेत तशी सांडली आणि बघता बघता सगळी पलटण पलीकडच्या टेकडीआड. उरलो अक्का, मी आणि मामंजी. कोवळा जवान मात्र थोड्या अंतरावर खंदकात पालथा पडून ओरडत होता, “आजी, या इकडे! तो जिवंत आहे!”

“कोण जिवंत आहे?” अक्कानं विचारलं.

“गोळा! तोफेचा गोळा! फुटला नाहीये अजून!”

मी रुळाकडे पाहिलं. मग मामंजीकडे पाहिलं, ज्यानं तो सकाळपासून पाठीवर वागवला होता. मामंजीनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं चारही पाय दुमडले आणि डोळे मिटून घेतले. मी त्याच्याआड जाऊन बसलो. ज्या छताखाली मी भाऊबंदांशी भांडलो, जेवलो, घोरलो, त्यावर हा रोज घरंगळत होता.

अक्का पुढे झाली, पण पळायला नाही. टेकडीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून तिनं असा आवाज लावला की भोंगा बंद पडला.

“अहो साहेब! हा इतकी वर्षं आमच्या डोक्यावर होता, यानं कोणाचं काही वाकडं केलं नाही. ज्यांनी माणसं मारली ती पिंपं वर आहेत. तुम्ही उलट्या दिशेला पळताय!”

टेकडीआडून एक टोपी वर आली आणि पुन्हा खाली गेली. जवानानं आम्हाला कसंबसं ओढत खंदकात नेलं. मामंजीनं आम्हाला वाटेत मागे टाकलं.

मग एक गाडी आली आणि तिच्यातून सुरुंगवाल्या बाई उतरल्या. बुटक्या, चष्मेवाल्या, अंगावर जाड गादीसारखा पोशाख. एकट्याच सावकाश चालत टेबलाशी गेल्या, गोळ्याभोवती वाकून फिरल्या, कान लावला, काही खटपट केली. मग वाळूच्या पेटीत घालून तो लांब न्यायला लावला आणि आमच्याकडे आल्या.

“एवढ्या उन्हात गोधडी का गं घातलीस?” अक्कानं विचारलं. “चहा घे आधी.”

बाईंनी टोप काढला. कपाळावर घाम होता, पण हसू आवरत नव्हतं. “अक्का, हा फुटला कसा नाही?”

“फुटेल कशाला? पाहुणा होता. पाहुणा घरात नीट वागतो.”

“असे आणखी आहेत वर?”

“अगं, असे म्हणशील तर उतारावर पेरलेत, गंजलेले, आम्ही दगडच समजत होतो. दाईनं तीन मांडून चूल केलीय. चांगली चूल आहे, धूर होत नाही.”

बाईंनी कप खाली ठेवला आणि टोप पुन्हा डोक्यावर चढवला.

त्या दुपारी पाण्याचे साहेबही धावत आले. म्हणाले, आता तर लोकांना आजच खाली आणलं पाहिजे. मोठे साहेब मान डोलावू लागले. मला वाटलं, संपलं. अक्काचा हात माझ्या दंडावर घट्ट आला. पण सुरुंगवाल्या बाईंनी नकाशा उलगडला.

“इथे तर ‘निर्मनुष्य’ लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “मग गोळे कुठे कुठे आहेत हे मला कोण सांगणार, मांजर?”

अक्कानं त्यांच्याकडे अशा प्रेमानं पाहिलं, जसं पोटच्या मुलीकडेही पाहिलं नसतं.

“ज्यांना उतारावरचा दगडन्‌दगड माहीत आहे ती माणसं मला जागेवर हवीत,” बाई म्हणाल्या. “आणि साहेब, जिवंत गोळे निघाले की सगळा डोंगर तपासल्याशिवाय मला सोडता येत नाही. तो आपलाच नियम आहे. झऱ्यावरचा खड्डासुद्धा. तिथे पिंपं आहेत म्हणे. पिंपं उचलल्याशिवाय खालची जमीन कशी तपासू?”

मोठ्या साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “म्हणजे पिंपं तुमच्या खात्यात आली म्हणायची?”

“आली,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी असा श्वास सोडला की त्यांचं पोट निम्मं झालं. खरं सांगतो, त्यांनाही ती पिंपं नकोच होती. बिचारी पिंपं इतकी वर्षं अनाथ होती, त्यांना शेवटी खातं मिळालं. बाईंनी शिसपेन्सिल काढली, ‘निर्मनुष्य’ खोडलं आणि अक्काला विचारून विचारून एकेक घर काढलं. अक्काचं घर काढताना अक्का म्हणाली, “थोडं डावीकडे कलतं काढ.”

मग आमच्या डोंगरावर अशी धमाल झाली की विचारू नका. दाईच्या चुलीपासून सुरुवात. तिला पलटणीनं नवी चूल दिली, तिला ती आवडली नाही. रबरी पोशाख घातलेले जवान खड्ड्यात उतरायचे आणि पिंपं बांधून काढायचे. डोक्यावर पंखा फिरणारं विमान यायचं, जाळ्यात पिंपं घेऊन उडायचं, आणि गावातली म्हातारी माणसं धाब्यांवर बसून एकेकाला निरोप द्यायची, “नीट जा रे बाबा, परत येऊ नको.” खालची काळी मातीसुद्धा पोती भरभरून गेली. दूरच्या ओढ्याच्या पाण्याचा चहा आता आम्ही पाजत होतो, आणि कोवळा जवान बाकाऐवजी आमच्या ओट्यावर बसत होता. मोठे साहेब एकदा चढून आले. वर पोचेपर्यंत त्यांना त्यांचे बूट दिसू लागले होते.

शेवटचं पिंप गेलं आणि दुसऱ्याच दिवशी बर्फ पडला. खाली सडकेवर आलेले सामानाचे ट्रक केव्हाच रिकामे परत गेले होते. आमच्या हिनं तवा पोत्यातून काढून कायमचा चुलीवर ठेवला.

तो हिवाळा मात्र वाईट गेला. आमच्या दगडी रुळांचा सराव मोडला होता, त्यांनी धाबी नीट बसेनात. घराघरांत पातेली मांडलेली. अक्का खाटेवर छत्री उघडून बसायची आणि रुळाची आठवण काढून उसासे टाकायची. पण ‘दिला’ म्हणून एकदाही कुरकुरली नाही. कुरकुरली ती फक्त ठिबकण्याबद्दल, ते दिवसभर.

बर्फ वितळला. झरा धोधो वाहू लागला. पाण्याचे साहेब पुन्हा पुन्हा येऊन बाटल्या भरून नेत आणि मान हलवत, “थोडं थांबा अजून.” आम्ही थांबलो. एका सकाळी साहेब बाटलीत पाणी घेऊन उन्हाला धरून बघत होते, तेवढ्यात मागून मामंजी आला. झऱ्याशी थबकला. हुंगलं. कान मागे घेतले. आम्ही सगळे जागच्या जागी उभे. मग त्यानं मान खाली घातली आणि प्यायला, सावकाश, इतक्या वर्षांची तहान असल्यासारखा. प्यायला आणि मान वर करून, ओल्या नाकानं, माझ्याकडे बघून पहिल्यांदाच लाथ मारली नाही.

गावभर आरोळी गेली. बायांनी झऱ्याच्या पाण्यात एकमेकींना चिंब केलं. दाई भिजल्या लुगड्यानं नाचली. पाण्याचे साहेब म्हणत राहिले, “अहो, निकाल अजून यायचाय!” पण तेही भिजले होते. निकाल आला तेव्हा तो मामंजीशी जुळला.

त्याच आठवड्यात सुरुंगवाल्या बाई आल्या. सोबत कोवळा जवान, मिशी आता खरोखरची. दोघांच्या मध्ये गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. ओट्यावर ठेवून बाईंनी गाठ सोडली. पितळी टोपी चमकली.

“अक्का,” त्या म्हणाल्या, “तुमचं सामान राहिलं होतं आमच्याकडे.”

अक्कानं घाईघाईनं डोळे पदरानं पुसले, दोघांना आत बसवलं आणि चहाला ठेवलं. रीत ती रीत. चहा झाल्यावर ती बाहेर आली, रुळाला हात घातला आणि उचलला. एकटीनं. तिच्या कपाळाला आठी पडली.

“हा हलका झालाय.”

“आतला दारूगोळा काढून टाकला, अक्का. आता अगदी निर्धोक आहे.”

“काढून टाकला? म्हणजे अर्धाच परत आणलात?” अक्का कडाडली. “विचारायचं तरी! आता याचं वजन कुठून आणू? पोकळ रुळानं माती बसते का कुठे?”

बाई गोंधळल्या. जवानाच्या हातातली बिस्किटं तशीच राहिली. मग अक्कानं मला घमेलं दिलं.

“धाकट्या, उठ. झऱ्यातली वाळू आण. चांगली धुऊन घे, आता धुता येते.”

आम्ही सगळ्यांनी मिळून तो वाळूनं ठासून भरला. संध्याकाळच्या आत अक्का धाब्यावर होती, दोर खांद्यावर घेऊन, आणि रूळ घरंगळत होता. डावीकडे.